शनीचे कडे की डोळ्याचा नंबर?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गेली ३१ वर्षे नाशिकमध्ये डोळे तपासण्याचे आणि चष्मे करून देण्याचे काम करते. आकाश पाहण्याची आवड त्याहूनही जुनी आहे. या दोन गोष्टी एरवी एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. पण २०२५च्या जानेवारीत त्या माझ्या दुकानातच एकत्र आल्या आणि तेव्हापासून जे सांगावेसे वाटत होते, ते आज सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे, परंतु हा विषय चार ओळींत उरकला की गैरसमजात भरच पडते, असा माझा अनुभव आहे.

त्या जानेवारीत संध्याकाळच्या आकाशात शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ असे चार ग्रह एकाच वेळी दिसत होते. दृश्य खरोखरच देखणे होते आणि त्याची चर्चाही खूप झाली. मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी त्या चर्चेला असे वळण दिले की शनीचे कडे, गुरूवरचे पट्टे आणि शुक्राची कोर हे सगळे दुर्बिणीशिवाय, आपापल्या गच्चीवरून दिसणार आहे. त्याच आठवड्यात एक गृहस्थ डोळे तपासायला आले. वय पन्नाशीचे, वाचायला चष्मा होता, लांबचे पाहायला त्यांनी कधी चष्मा लावला नव्हता. खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले, "मॅडम, मी काल शनीचं कडं पाहिलं. आडवं, अगदी स्पष्ट. म्हणजे माझी लांबची नजर अजून शाबूत आहे ना?"

तपासणीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांना सिलिंडरचा नंबर निघाला. उजव्या डोळ्याचा १.२५ होता. सिलिंडरचा नंबर असणे म्हणजे, बहुधा, बुबुळाची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसणे. अशा डोळ्यात प्रकाशाचा ठिपका ठिपका राहत नाही, तो एका दिशेला ताणला जातो. माझ्या दुकानाच्या दारातून रस्त्याच्या अगदी टोकाचा एक दिवा दिसतो. संध्याकाळ झालीच होती, म्हणून मी त्यांना तो दिवा दाखवला आणि त्याला कडे दिसते का, असे विचारले. दिसत होते. मान उजव्या खांद्याकडे झुकवायला सांगितली, तर ते कडेही मानेबरोबर झुकले. मग ट्रायल फ्रेममध्ये सिलिंडरचे भिंग बसवून ते हळूहळू योग्य अक्षावर फिरवत नेले, तसतसे दिव्याचे ते आडवे पंख आखडत गेले आणि शेवटी दिवा नुसता दिवा उरला. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा घेऊन गेल्यावर चार दिवसांनी त्यांचा फोन आला. शनी आता फक्त ठिपक्यासारखा दिसतो, पण पूर्वी कधी न दिसलेले कितीतरी बारीक तारे दिसू लागले आहेत, असे ते सांगत होते, आणि त्यांच्या आवाजातली निराशा व आनंद दोन्ही मला सारखेच ऐकू येत होते.

खरे तर त्या दिवसांत शनीचे कडे शोधण्याची वेळच चुकीची होती. शनीच्या कड्याचे प्रतल २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वीच्या रेषेत येणार होते, त्यामुळे जानेवारीत ते कडे आपल्याला जवळजवळ कडेवरून, म्हणजे एखादी थाळी डोळ्यांच्या पातळीला आडवी धरावी तसे दिसत होते. चांगल्या दुर्बिणीतूनही ती एक बारीक रेघच होती. ज्यांना नुसत्या डोळ्यांनी ठसठशीत कडे दिसले, त्यांना ते दुसरीकडे कुठे नाही, तर स्वतःच्या डोळ्यातच दिसले होते.

मला सांगायचे आहे ते हेच. चंद्र आणि सूर्य सोडले, तर आकाशातल्या ज्योतीला नुसत्या डोळ्यांनी जो आकार दिसल्यासारखा वाटतो, तो जवळजवळ नेहमी आपल्या डोळ्याने दिलेला आकार असतो. याला शुक्राच्या कोरीचा एकच अपवाद संभवतो, तोही थोडे दिवस आणि अगदी काठावरचा. हा फरक लोकांना नीट समजावून सांगणे हे वर्तमानपत्रांचे, शाळांचे आणि आमच्यासारख्या डोळे तपासणाऱ्यांचे काम आहे. ते आपण करत नाही म्हणून एकीकडे लोक भलत्या गोष्टी पाहिल्याचे सांगतात, आणि दुसरीकडे जी एक गोष्ट खरोखर पाहण्याचा प्रयत्न करण्याजोगी आहे, ती हातची जाते.

आता थोडे मोजमाप. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. (शुक्राच्या वाढत्या-घटत्या रूपांनाही आपण कलाच म्हणतो, म्हणून घोळ होऊ नये यासाठी या पत्रात त्यांना कोर म्हटले आहे आणि कला हा शब्द केवळ कोनासाठी ठेवला आहे.) आमच्याकडे भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो तो याच मापावर बेतलेला आहे. ६/६ च्या ओळीतले अक्षर सहा मीटरवरून बरोबर पाच कलांचे असते. त्याची उंची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर, आणि अक्षराच्या प्रत्येक रेघेची जाडी एक कला, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. ही ओळ वाचणाऱ्याची नजर आम्ही चांगली समजतो. तरुण मुलांपैकी बरीच जण त्याखालची ६/५ ची ओळही वाचतात, क्वचित कोणी ६/४ पर्यंत जाते. मानवी डोळ्याची मजल साधारण तिथवर आहे.

या मापाने ग्रह पाहिले तर काय दिसते? चंद्रबिंब सुमारे ३१ कलांचे आहे, म्हणून त्यावरचे डागही आपल्याला दिसतात. गुरू सगळ्यात जवळ येतो तेव्हाही त्याचे बिंब ५० विकलांच्या आसपासच राहते, एरवी ते ३० ते ४५ विकलांचे असते. शनीचे बिंब २० विकलांपर्यंत, त्याचे कडे धरले तरी जेमतेम ४५. मंगळ बहुतेक काळ १० विकलांहूनही लहान असतो आणि बुध तर १३ विकलांच्या पुढे जात नाही. म्हणजे यांपैकी एकही ग्रह आमच्या तक्त्यावरच्या एका रेघेच्या जाडीएवढाही भरत नाही. फक्त शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा ६० विकलांना, म्हणजे एका कलेला पोचतो.

ज्यांना आकड्यांपेक्षा वस्तू बरी वाटते त्यांनी एक रुपयाचे नाणे घ्यावे. त्याचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर धरला, तर अडीच मीटरवर धरलेले हे नाणे चंद्राएवढे दिसते. तेच नाणे गुरूएवढे दिसायला शंभर मीटर लांब न्यावे लागते. शनीच्या बिंबासाठी अडीचशे मीटर. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोणी नाणे धरून उभे राहिले, तर उन्हात त्याची चमक आपल्याला जरूर दिसेल, पण ते गोल आहे की चौकोनी हे कोणी सांगू शकणार नाही. ग्रहांचे नेमके असेच आहे. त्यांची चमक आपल्यापर्यंत येते, आकार येत नाही.

हे केवळ लहानपणाचे दुखणे असते तर एखादी असामान्य नजर त्यावर मात करू शकली असती. पण अंधारात आणखी दोन अडचणी उभ्या राहतात. डोळ्याची बाहुली उजेडात दोन-तीन मिलिमीटर असते, ती रात्री सहा-सात मिलिमीटरपर्यंत पसरते, आणि बाहुली मोठी झाली की भिंगाच्या कडेचे सगळे दोष उघडे पडतात. शिवाय अंधारात अनेकांचे डोळे किंचित मायनसकडे झुकतात. दिवसा ज्यांना नंबर नाही त्यांनाही रात्री पाव-अर्धा नंबर असल्यासारखे दिसते. आता पाव नंबर, म्हणजे ०.२५, ही चष्म्यातली सगळ्यात लहान पायरी. कित्येक जण तेवढा नंबर असला तरी चष्मा घेत नाहीत आणि ते ठीकच आहे. परंतु पाच मिलिमीटरच्या बाहुलीतून ०.२५ची चूक एका ठिपक्याला चार कलांहून अधिक पसरवते. गुरूच्या खऱ्या बिंबाच्या ही पाच-सहा पट झाली. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या १.२५ सिलिंडरने तोच ठिपका वीस-एकवीस कलांपर्यंत, चंद्रबिंबाच्या दोन तृतीयांशाइतका ताणला होता. शनीचे खरे कडे त्या मानाने तीस-पस्तीस पटींनी लहान होते. चांदणीला जी टोके दिसतात तीही आकाशातली नाहीत. डोळ्यातल्या भिंगाचे तंतू जिथे एकमेकांना मिळतात त्या शिवणींमुळे प्रकाश तसा फाकतो. प्रत्येकाची चांदणी त्यामुळे थोडी वेगळी असते.

यात आपल्या नजरेची नाचक्की नाही. दुर्बिणीपूर्वीच्या मोठमोठ्या निरीक्षकांनाही ग्रह असेच फुगलेले दिसले. सूर्यसिद्धान्तात ग्रहबिंबांची जी मापे निघतात ती मंगळ दोन कला, शनी अडीच, बुध तीन, गुरू साडेतीन आणि शुक्र चार कला अशी आहेत. सोळाव्या शतकात डेन्मार्कमध्ये टायको ब्राहेने, ज्याच्याइतके अचूक वेध दुर्बिणीशिवाय त्याआधी युरोपात कोणी घेतले नव्हते, शुक्राचे बिंब सव्वातीन कला आणि गुरूचे पावणेतीन कला धरले. खऱ्या मापांच्या ही कितीतरी पट आहेत. ग्रहांची स्थाने कलेच्या हिशेबात बिनचूक सांगणारी ही माणसे होती, त्यांच्या बुद्धीत किंवा श्रमात काही उणे नव्हते; बिंबाचा आकार मात्र त्यांच्या डोळ्यांनीच त्यांच्यापासून झाकून ठेवला. १६१०मध्ये गॅलिलिओने दुर्बीण शुक्राकडे वळवली तेव्हा तो चंद्रासारखा वाढतो-घटतो हे उघड झाले, आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याला भक्कम पुरावा मिळाला. शनीच्या बाबतीत तर त्याची वीस-एक पटींची दुर्बीणही अपुरी पडली. त्याला तिथे एका मोठ्या गोळ्याच्या दोन बाजूंना दोन लहान गोळे दिसले. ते कडे आहे हे कळायला डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सच्या काळापर्यंत, म्हणजे १६५०च्या दशकापर्यंत थांबावे लागले. गॅलिलिओला दुर्बिणीतून जे उमगले नाही ते आपल्याला गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसेल, असे सांगणारा संदेश पुढे पाठवण्याआधी एवढी एक गोष्ट आठवली तरी पुष्कळ आहे.

मंगळाच्या संदेशाबद्दल फार लिहीत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, जवळजवळ साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ, आणि तेव्हाही त्याचे बिंब २५ विकलांचेच होते. ७५ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, या वाक्यातली दुर्बीण गळून पडली आणि 'आकाशात दोन चंद्र दिसणार' एवढेच उरले. आजही ऑगस्ट आला की तो संदेश कोणी ना कोणी मला पाठवतेच.

ग्रहाला बिंब आहे याची एक खूण मात्र नुसत्या डोळ्यांना रोज मिळते, आणि ती शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असूनही तिचा अर्थ फारसा सांगितला जात नाही. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. तारा इतका दूर आहे की त्याचे बिंब विकलेच्याही शंभराव्या-हजाराव्या भागाएवढे असते. हवेतल्या एका लहरीने त्याचा सगळा प्रकाश एकदम इकडेतिकडे होतो. ग्रहाच्या बिंबाच्या निरनिराळ्या भागांतून येणारा प्रकाश निरनिराळ्या वाटांनी येतो, त्यामुळे एका भागाचे कमी झाले तर दुसऱ्याचे वाढते आणि एकंदर तेज स्थिर राहते. म्हणजे गुरूचा तो शांत, न थरथरणारा प्रकाश पाहताना आपण त्याचे बिंबच एका परीने अनुभवत असतो. मला स्वतःला हे समजले त्या दिवशी फार समाधान वाटले होते.

आता शुक्राच्या कोरीकडे येते, कारण खरे पाहण्याजोगे तेच आहे.

शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे येऊ लागतो तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. त्याचे बिंब वाढत जाते आणि त्याचा उजळलेला भाग बारीक होत जातो. १ मार्च २०२५ रोजी त्याचे बिंब ४९ विकलांचे होते आणि त्यातला सुमारे १४ टक्के भाग उजळलेला होता. ९ मार्चला बिंब ५५ विकलांवर गेले आणि उजळ भाग ७ टक्क्यांवर आला. टोकापासून टोकापर्यंत ५५ विकलांची कोर ही ६/५ वाचणाऱ्या डोळ्याच्या आवाक्याच्या काठावर येते. पण हे रात्री नव्हे. रात्री शुक्राचे तेजच त्याचा आकार गिळून टाकते. आकाशात उजेड असताना बाहुली आकसलेली असते आणि शुक्राचा झगझगाटही दबतो. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत जे काय दिसायचे ते दिसते. तेज आड येते हे २००४ साली उलट बाजूने दिसले होते. त्या वर्षी ८ जूनला शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा त्याचे बिंब ५८ विकलांचेच होते, पण तो उजेडातला काळा ठिपका असल्यामुळे सुरक्षित सौरचष्म्यातून, कोणत्याही दुर्बिणीशिवाय पाहता येत होता. तसे दृश्य आता २११७पर्यंत नाही.

माझी भाची तेव्हा ११ वर्षांची होती. तिची नजर मीच तपासलेली आहे, ६/५ ची ओळ ती न अडखळता वाचते. १ मार्चला संध्याकाळी आमच्या गच्चीवर ती म्हणाली, "आत्या, शुक्रपण कोरच आहे गं." मला ते खरे मानवेना, कारण त्या दिवशी अमावस्येनंतरची चंद्रकोर शुक्राच्या शेजारीच होती, आणि दोघांवर सूर्याचा प्रकाश एकाच बाजूने पडत असल्यामुळे दोघांची शिंगेही साधारण एकाच दिशेला होती. मुलीने चंद्र पाहून मनाने शुक्राला तोच आकार दिला असणार, असे मी धरले. म्हणून ९ मार्चपर्यंत थांबले. तोवर चंद्र अर्ध्याच्या पुढे गेलेला होता आणि आकाशात वर, दूर होता. सूर्यास्त झाल्यावर दहा मिनिटांनी तिला कागद-पेन्सिल दिली आणि काही न सांगता, शुक्र जसा दिसतो तसा काढ, असे सांगितले. तिने कापलेल्या नखासारखी एक लहानशी रेघ काढली, टोके वर आणि थोडी उजवीकडे. मान वाकवून पुन्हा पाहायला लावले. तिच्या म्हणण्याप्रमाणे आकार होता तसाच राहिला, मानेबरोबर फिरला नाही. त्यानंतरच १० × ५० ची जोडदुर्बीण स्टँडवर लावली. दुर्बिणीत कोर स्वच्छ होती, आणि शिंगे तिने काढली होती त्याच बाजूला होती. सव्वासातला पुरता अंधार झाला तेव्हा तिनेच येऊन सांगितले की आता काही दिसत नाही, नुसती चांदणी झाली आहे.

मला स्वतःला त्या संध्याकाळी चष्मा लावूनही एक उभट ठिपक्याशिवाय काही दिसले नाही. एका मुलीच्या एका चित्रावरून काही सिद्ध होत नाही, हेही मी जाणते. चित्रे सुट्टीत घरी आणलेल्या पुस्तकांत असतात, दूरदर्शनवर असतात, आणि जे माहीत आहे तेच डोळ्यांना दिसू लागते. परंतु आधी चित्र आणि मग दुर्बीण, हा क्रम पाळला तर निदान स्वतःची फसवणूक होत नाही. कोणी आकार दिसल्याचे सांगितले तर त्याला खोटे पाडण्याऐवजी हाच क्रम सुचवावा.

झगझगाट कमी करण्यासाठी काही जण कार्डाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहायला सांगतात. आमच्या ट्रायल सेटमध्येही पिनहोल असते. त्यातून नजर सुधारली तर दोष नंबरचा आहे असे आम्ही समजतो. शुक्रासाठी मात्र टाचणीचे भोक उपयोगाचे नाही. भोक एका मिलिमीटरच्या आसपास असले की चांदणीची टोके जातात खरी, पण भोकाच्या कडांवरून प्रकाश वळतो आणि ठिपका पुन्हा दोन कलांहून मोठा होतो; कोर त्यातच बुडून जाते. अडीच-तीन मिलिमीटरचे, बॉलपेनच्या रिफिलची नळी जेमतेम जाईल एवढे भोक हा मध्यम मार्ग आहे, आणि ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो लावूनच पाहावे. सूर्य क्षितिजावर असेपर्यंत दुर्बीण मुळीच हातात घेऊ नये आणि मुलांच्याही हाती देऊ नये. दुर्बिणीतून सूर्य क्षणभर दिसला तरी दृष्टिपटल भाजते, ते कोणत्याही चष्म्याने भरून येत नाही.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण असे की पुढची संधी २०२६च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे. २४ ऑक्टोबरला शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाईल. त्याआधीच्या संध्याकाळी तो आपल्याकडून पश्चिमेला बराच खाली आणि दक्षिणेकडे झुकलेला राहील, शिवाय पावसाळा नुकता सरत असेल, म्हणून माझा भर त्यानंतरच्या पहाटांवर आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे ऐन दिवाळीत, शुक्र पूर्वेला सूर्याआधी उगवेल. ८ नोव्हेंबरच्या सुमारास त्याचे बिंब ५५ विकलांचे आणि उजळ भाग सुमारे ८ टक्के असेल. अभ्यंगस्नानासाठी घरोघरी माणसे अंधारात उठलेली असतातच. स्नान उरकून सहा ते सव्वासहाच्या दरम्यान गच्चीवर गेले तरी पुरे आहे. फटाक्यांच्या धुराचा पहाटेपर्यंत रेंगाळणारा थर हीच काय ती अडचण, म्हणून एक दिवस चुकला तर दुसरा धरावा. पांडवलेणी आणि चामरलेणीला पहाटे चढणारे नाशिककर पुष्कळ आहेत, त्यांना तर पूर्वेचे आकाश आयतेच मिळते. त्या पहाटे कोरीची शिंगे कोणत्या बाजूला असतील हे मला सांगता येते, पण मी ते येथे मुद्दाम लिहीत नाही, नाही तर मुले दिसलेले नव्हे, वाचलेले काढतील.

त्याच पहाटे डोक्याकडे वर पाहिले तर गुरू दिसेल. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला हे वेगळे सांगायला नको. गुरू सिंह राशीत जातो म्हणून आपल्याकडे सिंहस्थ भरतो आणि तो प्रवेश याच ऑक्टोबरच्या अखेरीस होत आहे. सूर्याभोवती एक फेरी मारायला गुरूला ११.८६ वर्षे लागतात, तोच आपला बारा वर्षांचा हिशेब. पुढील वर्षी लाखो माणसे गोदावरीच्या काठावर येतील, पण ज्या ग्रहाच्या गतीवर हा सोहळा बांधलेला आहे त्याचे बिंब प्रत्यक्ष पाहिलेली माणसे त्यांत किती असतील, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. नोव्हेंबरमध्ये ते बिंब ३७ विकलांचे असेल, फेब्रुवारी २०२७मध्ये ४५ विकलांपर्यंत वाढेल. नुसत्या डोळ्यांना दोन्ही वेळी तो ठिपकाच दिसणार. पण साध्या जोडदुर्बिणीतून त्याचे चार चंद्र ओळीने दिसतात, आणि ५०-६० पटींच्या लहान दुर्बिणीतून गुरू किंचित दबलेला, ध्रुवांकडे चपटा असल्याचेही कळते. स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरणाऱ्या या ग्रहाचा ध्रुवाकडचा व्यास विषुववृत्ताकडच्या व्यासाहून सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी आहे. नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा आकार असा असतो. महापालिकेने, शाळांनी आणि शहरातल्या आकाशप्रेमींनी मिळून या हिवाळ्यात गोदाघाटावर आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा एक पहाट दोन-चार दुर्बिणी उभ्या कराव्यात, अशी माझी विनंती आहे. माझ्याकडची जोडदुर्बीण आणि स्टँड त्यासाठी मी देईन, आणि सकाळचे दुकान उशिरा उघडेन.

आपल्या दैनिकाला एक छोटीशी विनंती आहे. सूर्योदय, सूर्यास्त आणि तिथी ज्या चौकटीत आपण रोज छापता, तिथे आणखी एक ओळ द्यावी: त्या दिवशी कोणता ग्रह दिसतो, त्याचे बिंब किती विकलांचे आहे, आणि ते पाहायला नुसता डोळा पुरतो की दुर्बीण लागते. ८ नोव्हेंबरला त्या ओळीत एवढेच असावे: "शुक्र, पहाटे पूर्वेला, बिंब ५५ विकला, कोर, उजाडताना नुसत्या डोळ्यांनी प्रयत्न करावा, सूर्योदयापूर्वी थांबावे. गुरू, पहाटे माथ्याच्या बाजूला, बिंब ३७ विकला. नुसत्या डोळ्यांना ठिपका, जोडदुर्बिणीतून चार चंद्र."

कळावे.

आपली विश्वासू,
एक दृष्टितपासनीस
गंगापूर रोड, नाशिक